सात पिशव्या आणि बाबांचं इंजिन

"गाडीचं इंजिन धुणं म्हणजे असं काय मोठं! जाडजाड पुस्तकं वाचते मी. चार पानांचं माहितीपत्रक मला जड जाणार आहे का?"

एवढं ठणकावून चिमीने दादाचं उत्तर यायच्या आत फोन ठेवून दिला.

चिमी हे घरातलं नाव. वय वर्षं बेचाळीस. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्यांची गाडी अंगणात धूळ खात उभी होती. दादाचं म्हणणं, विकून टाकू. चिमीचं म्हणणं, मरेन पण विकू देणार नाही. शेवटी दादाने अट घातली होती, "रविवारी अकराला मी गिऱ्हाईक घेऊन येतोय. तोवर तू ती गाडी सांभाळू शकतेस असं मला दिसलं, तर गाडी तुझी. नाहीतर त्याची."

गाडी नऊ वर्षांची होती आणि बॉनेटखाली तेलकट काळं साचलं होतं. तेच लख्ख करून दादाचं तोंड बंद करायचं, असा चिमीचा बेत होता.

रविवारी सकाळी सातला ती कंबर कसून अंगणात उतरली. माहितीपत्रक तिने तीनदा वाचलं होतं, पेन्सिलीने खुणा करून. इंजिन थंडगार हवं; होतं. आधी बॅटरीची ऋण तार सोडवायची. दहा नंबरच्या पान्याने सोडवली. मग विजेचे भाग प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकायचे. पिशव्या होत्या सात.

तिने बॉनेटखाली डोकं घातलं आणि ती थांबली.

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बत्तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्यांचा हात इतका बसला होता, की घरातली एक बरणी, एक खण, एक किल्ली त्यातून सुटली नव्हती. इंजिनही सुटलं नव्हतं. 'तेलाची पट्टी. पुसून पुन्हा बघणे.' 'वायपरचे पाणी. साबण कमी.' 'झाकण गरम असताना उघडू नये. मी उघडले आहे.' अक्षर तेच, किंचित उजवीकडे झुकलेलं.

चिठ्ठ्याही सातच होत्या.

चिमीने एकेक पिशवी घेऊन, रबर लावून, सगळं नीट झाकलं. मग तेलकट डागांवर साबणाचा फवारा मारला, ब्रशने कानाकोपरा घासला, नळीने हलक्या हाताने पाणी सोडलं, फडक्याने टिपून घेतलं. इंजिन असं चमकायला लागलं, जसं काही लग्नाला निघालंय!

"बघ आई! उगाच घाबरवतो दादा."

"पान्याचं काम झालं ना?" दारातून बघत असलेल्या आईने विचारलं.

"तार लावली की झालं." तिने तार घट्ट बसवली. आईने लगेच पाना उचलून आत नेला. बाबांच्या घरात वस्तू जागेवर जायला मिनिटसुद्धा लागत नसे.

चिमीने ऐटीत किल्ली फिरवली.

भोंऽऽऽऽऽ!

इंजिन मुकाट, पण हॉर्न सुरू! किल्ली काढली तरी सुरू. दाढ दुखणाऱ्या हत्तीसारखा तो एका सुरात ओरडत होता. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. आई धावत बाहेर आली.

"पानाऽ! पाना आण!" चिमी किंचाळली. स्वतःचं बोलणं तिला स्वतःला ऐकू येईना. मग तिने हवेत मूठ गोल गोल फिरवून दाखवली. आईने समजल्यासारखी मान हलवली, तडक भिंतीशी गेली आणि नळ सोडला! नळी बॉनेटमध्येच पडलेली होती. इंजिनाची दुसरी अंघोळ झाली.

"बंद कर! अगं, बंद!" चिमीने मूठ उलटी फिरवली. आईने नळ आणखी मोठा केला.

नेमका याच वेळी दादा गिऱ्हाइकाला घेऊन फाटकात आला. गिऱ्हाईक सज्जन होतं. आपण वाटेत उभे आहोत म्हणून हा हॉर्न, असं समजून ते डावीकडे सरकलं, उजवीकडे सरकलं, शेवटी भिंतीला पाठ लावून हात जोडून उभं राहिलं.

चिमीने स्वतःच नळ बंद केला, आत पळत जाऊन पाना आणला आणि तार सोडवली. शांतता पसरली.

"या पिशव्या कशाला?" दादाने विचारलं.

"माहितीपत्रकात लिहिलंय. विजेचे भाग झाकावेत."

"हा विजेचा भाग आहे? ही तेलाची पट्टी आहे, चिमे!" त्याने पिशवी ओढून काढली. बाकीचं इंजिन निथळत होतं. ती एक चिठ्ठी मात्र कोरडी ठणठणीत. दादाने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि पिशवी होती तशी परत चढवली. रबरासकट.

चिमीला आता कळलं, आपण काय झाकलंय. पण माघार घेईल तर ती चिमी कसली!

"विजेचे भाग बाजारात मिळतात," ती म्हणाली.

गिऱ्हाईक "विचार करून कळवतो" म्हणत फाटकाबाहेर पडलं आणि जवळजवळ पळतच गेलं.

इंजिन काही सुरू होईना, तेव्हा दादाने बाबांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो दोर घेऊनच आला. "काका गेले, वाटलं ही ओढाओढही संपली," तो म्हणाला. "दरवर्षी इंजिन धुवायचे, दरवर्षी मी ओढून न्यायचो. वर सांगायचे, घरी बोलू नकोस."

"काय?" चिमी आणि दादा एकदम ओरडले. दोघांनी आईकडे पाहिलं.

"मला नऊ वर्षं माहीत होतं," आई म्हणाली. "पण ते परत यायचे ते इतक्या रुबाबात, की विचारवायचं नाही."

दादा बराच वेळ हसला. मग त्याने डोळे पुसले आणि किल्ली चिमीच्या हातावर ठेवली. "घे बाई. ही सांभाळणं माझ्या आवाक्यातलं नाही."

गाडी चिमीची झाली. चालत नव्हती, ते सोडा.

दोर बांधला गेला. चिमी ताठ मानेने स्टिअरिंगवर बसली आणि वरात निघाली. कोपऱ्यावर सायकलवरच्या एका आजोबांनी तिला मागे टाकलं आणि वळून पाहिलं. चिमीने काच खाली केली.

"मुद्दाम सावकाश चालवतेय!" ती म्हणाली.