अर्ध्या इंचानं हुकलेली माणसं

कोणत्याही देशाची दोन सैन्यं असतात. एक सीमेवर असतं. दुसरं सैन्यात जाता जाता राहून गेलेल्या माणसांचं असतं आणि ते पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठं असतं. पहिल्याला पगार, गणवेश, दाणापाणी द्यावं लागतं. दुसरं आपापल्या घरी, आपापल्या सोफ्यावर, स्वखर्चानं सदैव सज्ज असतं. या दुसऱ्या सैन्याची दखल आजवर कुणी घेतली नाही, ही खेदाची बाब आहे.

मास्तर या सैन्यातले ज्येष्ठ. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध पोरांचे गणवेश शिवण्यापुरता (तेही शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर). त्यांच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आणि एकतीस कर्ते पुरुष. त्यांपैकी अकरा जण सैन्यात जाणार होते. पाच जणांची छाती अर्धा इंच कमी भरली, तिघांचे तळपाय सपाट निघाले, दोघांच्या आयांनी अंथरूण धरलं आणि एकाची भरतीच्या दिवशी बस चुकली. छाती दीड इंच कमी भरलेला माणूस मात्र अख्ख्या इमारतीत एकही नव्हता. निसर्गाची ही अचूकता थक्क करणारी आहे.

पाचांमध्ये मास्तरांचा अर्धा इंच सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वजनदार. माप घेताना गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप गुंडाळायचा, दोन बोटांत एवढीशी जागा दाखवायची आणि म्हणायचं, "एवढं. एवढ्यासाठी राहिलं बघा." ते ऐकून गिऱ्हाईक आपोआप छाती फुगवायचं. त्यामुळे मास्तरांचे शर्ट दोन बोटं ढगळ व्हायचे, पण तक्रार करायची कुणाची छाती नव्हती. सासऱ्यांनी मुलगी दिली ती याच अर्ध्या इंचाकडे बघून. इमारतीच्या पाण्याची मोटार चोरीला गेली तेव्हा सभेत सगळ्यांनी आधी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मी सैन्यात असतो तर..." एवढं बोलून ते थांबले आणि सभा समाधानानं संपली.

खरी गोष्ट निराळी होती. विसाव्या वर्षी मास्तर भल्या पहाटे भरतीच्या मैदानापर्यंत गेले, फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, आत धावणारी पोरं पाहिली आणि आले त्याच पावली परतले. आईनं दारातच विचारलं, "काय झालं रे?" तेव्हा तोंडातून निघालं ते निघालं. बाण सुटला की सुटला.

हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात बायकोनं स्वेटर विणायला घेतला आणि नवऱ्याची छाती मोजली. सदतीस इंच भरली; भरतीला बत्तीस पुरते. तिनं आकडा कागदावर टिपला, कागद लोकरीच्या पिशवीत टाकला आणि विषय काढला नाही. संसार संसार म्हणतात तो हाच.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सरकारनं घात केला. 'प्रौढ नागरिकांच्या सैनिकी उपयुक्ततेबाबत' अशी जाहीर सूचना निघाली. तिच्यानुसार भरतीचं वय पंचेचाळीसपर्यंत वाढवण्यात आलं. छातीच्या मापाची अट रद्द करण्यात आली. सपाट तळपाय चालतील, असं ठरलं (कारण सपाट पायांनीही चालता येतं, असं समितीला पाहणीअंती आढळून आलं). उमेदवाराची आई रडत असल्यास तिला सोबत आणावं, कार्यालय तिची समजूत घालेल, असंही एक कलम होतं. समितीचं म्हणणं असं की चाळिशीतल्या माणसाला सैनिकी शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. तो समोर येईल ते खातो, का म्हणून विचारत नाही आणि कितीही वेळ रांगेत उभा राहतो.

एका कागदानं अकरा घरांचा आधार काढून घेतला. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दवाखाना दुपारीही उघडा ठेवायला सुरुवात केली. चौघांची पाठ धरली, तिघांना रक्तदाब, दोघांना चक्कर. बस चुकलेल्या गृहस्थांनी तर, सूचनेत बसबद्दल काहीच नाही तेव्हा ती आपल्याला लागू नाही, असा स्वच्छ निर्वाळा दिला.

मास्तरांनाही एखादं दुखणं सापडलं असतं, पण त्यांच्या आधी त्यांची मुलगी पोहोचली. वय वर्षं सतरा, आणि बापावर आंधळा विश्वास. तिनं अर्ज आणला, भरला आणि शिलाई मशीनवर ठेवला.

"बाबा, फक्त सही कर. पंचेचाळिसाला अजून दोन महिने आहेत तुला. चोवीस वर्षं जीव जाळलास ना त्या अर्ध्या इंचासाठी?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. नाही तरी तुम्हाला मोठी हौस."

"विचार करतो," मास्तर म्हणाले.

इथे विचार करणे या प्रक्रियेचं थोडं कौतुक करणं भाग आहे. सैन्यात जाणाऱ्याला लोक एकदा निरोप देतात आणि विसरतात. जायचा विचार करणाऱ्याला रोज मान मिळतो. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी बसून विचार केला, दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर येरझारा घालत. तिसऱ्या आठवड्यात ते सकाळी धावायला लागले (धावण्याचं अंतर: फाटक ते दूधवाला. परत येताना चालत, कारण हातात दूध). दूधवाला त्यांना रांगेतून पुढे घेऊ लागला. वरच्या मजल्यावरची पोरं जिन्यात दिसली की कडक सलाम ठोकायची.

घोटाळा गिऱ्हाइकांनी केला. मास्तर जाणार म्हटल्यावर ज्याचं त्याचं कापड आठवलं. "मास्तर, तुमचं काय सांगावं, आमच्या पॅंटी तेवढ्या देऊन जा." उद्या या, हे मास्तरांचं ठेवणीतलं उत्तर; पण उद्या सीमेवर असणाऱ्या माणसाला ते शोभेना. शेवटी बसून त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा एक कोटसुद्धा पुरा केला. मालक मधल्या काळात जाडजूड झाला होता, हा मास्तरांचा दोष नव्हे. पाचव्या आठवड्यात दुकानातले हँगर रिकामे झाले आणि मास्तरांना पहिल्यांदा खरी धास्ती वाटली.

मग इमारतीनं निरोप समारंभ केला. यात पुढाकार पाठ, रक्तदाब आणि चक्कर यांनी घेतला. एक बॅटरी, एक थर्मास आणि लोकरी मोजे देण्यात आले. बस चुकलेले गृहस्थ म्हणाले, "मास्तर जातात की नाही हे गौण, जायचं मनात आणलं, हे महत्त्वाचं." टाळ्या पडल्या. मुलगी पहिल्या रांगेत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मोजे हातात धरून उभ्या असलेल्या मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण मोज्यांसकट आत जावं.

शेवटच्या तारखेला ते भरती कार्यालयात गेले. मुलगी बाहेर बाकावर बसली. आत लांबलचक खोलीत टेबलामागे एक हवालदार, समोर एक दौत, एक शिक्का आणि अर्जांचा ढीग.

"रकाना नऊ रिकामा आहे," हवालदार म्हणाला. "पूर्वी भरतीला आला होतात का? नाकारल्याचं कारण?"

मुलीनं तेवढा रकाना बापासाठी सोडला होता. अभिमानाची गोष्ट ज्याची त्यानं लिहावी म्हणून.

मास्तर घुटमळले. हवालदारानं सुस्कारा सोडला. "अर्धा इंच ना? लिहितो. आज सकाळपासून चौसष्ट जणांचा अर्धा इंच झाला. बेरीज केली मी. बत्तीस इंच. सगळे मिळून एक अख्खा जवान कमी पडलाय आम्हाला."

"मग घेता का त्यांना?"

"कसं घेणार? खोटी माहिती दिली की अर्ज बाद. तुम्ही सगळे सांगता त्या सालांत आमच्याकडे टेप आलाच नव्हता. कुणाचीच छाती मोजली नाही आम्ही."

एका 'हो'चं काम होतं. अर्ज बाद, मान कायम, घरी जाऊन पुन्हा तीच गोष्ट. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे बाकावर बसलेली पोर आली. काय झालं म्हणून ती दारातच विचारणार होती.

"मी आत आलोच नव्हतो साहेब," ते म्हणाले. "घाबरलो. फाटकावरून पळालो."

हवालदारानं पहिल्यांदा मान वर केली. रकान्यात 'भीती' असं लिहिलं, शिक्का उचलला आणि दाणकन मारला. "निवड झाली. सोमवारी सकाळी सहा."

बाहेर येऊन मास्तरांनी मुलीला सगळं सांगितलं. ती उठली आणि पुन्हा बाकावर बसली. चोवीस वर्षांचा अर्धा इंच असा मिनिटात नाहीसा होतो तेव्हा जरा वेळ लागतोच.

"मग आता?" तिनं शेवटी विचारलं. "भीती गेली?"

"छे गं. होती तेवढीच आहे."

"मग नको जाऊस."

"त्या वेळी हेच ऐकायला हवं होतं मला, कुणी म्हटलं नाही म्हणून खोटं बोललो. आज तू म्हणालीस." मास्तरांनी नाक पुसलं. "आता जाता येईल."

सोमवारी ते खरोखरच गेले. बायकोनं पहाटे उठून त्यांच्या पिशवीत सदतीस इंची स्वेटर ठेवला आणि ते जिना उतरेपर्यंत रडली नाही.

इमारतीला हा प्रकार अजिबात आवडला नाही. निरोप दिलेल्या माणसानं खरंच निघून जावं, हा शिष्टाचाराचा भंग होता. तातडीची सभा भरली. एकाच्या उतावळेपणामुळे उरलेल्या दहा जणांच्या कौटुंबिक प्रतिष्ठेला बाधा पोहोचली आहे, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. बॅटरी आणि थर्मास परत मागवावेत, अशी उपसूचनाही आली, पण मागायला छावणीत जाणार कोण, या मुद्द्यावर ती बारगळली.

सरकारनं नुकतीच मुदत वाढवली आहे. वय आता साठपर्यंत चालेल, लेखक चालतील, वाचकही चालतील, असं स्पष्ट नमूद आहे. हे वाचताना आपल्या मनात एक कारण येऊन गेलं असेल. चांगलंच असणार. अर्जात तेच लिहा, अगदी निर्धास्त असा. खरं कारण तेवढं कुणाला कळू देऊ नका. खरं सांगणाऱ्याला ते लोक घेऊन जातात.