सेलेरिॲक आणि माझे सासरे

गेल्या श्रावणात मी परसात सेलेरिॲक नावाची विलायती गड्ड्याची भाजी लावायचं ठरवलं, ते केवळ सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायला मिळावं म्हणून. लग्नाला बावीस वर्षं झाली. माझ्या साडूच्या घरचं पाणीसुद्धा अण्णांना गोड लागतं. आमच्याकडे जेवून उठले की ते फक्त ढेकर देतात (तोही अर्धाच).

बी ऑनलाइन मागवलं. सहा महिने पाणी घातलं, ऑफिसातून हाफ डे टाकून गोगलगाई वेचल्या. अख्ख्या माधवनगरनं विचारून घेतलं, "ही कोथिंबीर का हो?" शेवटी मुठीएवढे चार गड्डे आले.

"अहो, हे कंदमूळ नाही ना?" माझ्या बायकोनं, चंदनबालानं, विचारलं. आम्ही जैन. घरात कांदा-बटाटा येत नाही, आणि अण्णांनी तर चाळीस वर्षांपूर्वी महाराजांसमोर कंदमूळ न खाण्याचा नेम घेतलेला.

"निम्म्याहून जास्त जमिनीच्या वर आहे," मी म्हणालो. "नवलकोल चालतो, मग हा का नाही?" (हे उत्तर मी महिनाभर घोकून ठेवलं होतं. इंटरनेटवर मी दुसरं काहीच वाचलं नाही, असंही स्वतःला बजावलं होतं.) बिचारीनं विश्वास ठेवला.

रविवारी अण्णा कडेगावहून आले. दिवस मावळायच्या आत पान वाढलं. तीन गड्ड्यांची भाजी, मोहरीची फोडणी, हिरवी मिरची, वर शेंगदाण्याचं कूट. अण्णांनी वाटी जवळजवळ संपवली आणि मान वर केली.

"पाव्हणं, कशाची म्हनायची ही भाजी?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या घरच्या जेवणाबद्दल काही विचारलं. माझा ऊर भरून आला. मी धावत परसात गेलो आणि राखून ठेवलेला चौथा गड्डा उपटून मातीसकट त्यांच्यापुढे धरला. खाली वीतभर मुळं लोंबत होती.

अण्णांनी ताटातच हात धुतला. चंदनबाला आत जाऊन रडायला लागली. मी नवलकोलाचं सांगायला गेलो, पण ती मुळं बघून माझं मलाच पटेना. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

चपला घालून अण्णा दारात थांबले. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"चाळीस वर्सांचा नेम मोडायचाच हुता," ते शांतपणे म्हणाले, "तर निदान बटाटा तरी घालायचा हुता. ह्याला चव न्हाई."