विश्वंभररावांचा माइल्ड अटॅक

"अजेयला गप्प करायला मला एक शब्द पुरतो. एकच!" विश्वंभरराव समुद्राकडच्या कट्ट्यावर छाती ठोकून सांगायचे.

तो शब्द म्हणजे अटॅक! आता श्रीवर्धनात हा शब्द मिठासारखा वापरतात, हे खरं. विजेचं बिल बघून अटॅक येतो, हापूसचा भाव ऐकून येतो, शेजाऱ्याच्या जावयाने नवी गाडी घेतली की तर येतोच येतो. पण बाकीच्यांना तो यायचा आणि जायचा. विश्वंभररावांनी तो घरी पाळला होता. रिमोटला कुणी हात लावला, "मला अटॅक येईल हां!" श्यामलाबाईंनी चार दिवस माहेरी जायचं काढलं, "जा, जा. येशील तेव्हा मी अटॅकने गेलेला असेन." त्या बापड्या जाऊन यायच्या. आल्यावर बघावं तर लाडवांचा डबा तेवढा गेलेला असायचा, नवरा जागच्या जागी!

पण या खेपेला प्रसंग बाका होता. अजेय, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, न्हावा शेव्याला कंटेनरच्या हिशेबात बुडालेला असायचा. तो सुट्टी टाकून आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "बाबा, वाडीत दोन कॉटेज बांधू या. होमस्टे. थोड्या पोफळी काढाव्या लागतील, बाकी काही नाही."

बाकी काही नाही! विश्वंभररावांनी मास्तरकी सांभाळून एकेक पोफळ हाताने लावलेली. पोफळीची एक झावळ पडली तरी ते दिवसभर हळहळत बसायचे. आणि आता तिथे मुंबईकर येणार, स्पीकर लावणार, पोफळींना दोरी बांधून ओल्या चड्ड्या वाळत घालणार!

"अजेय, मला अटॅक येईल!"

"बाबा, तो मी शाळेत होतो तेव्हापासून येतोय. एसटीसुद्धा एवढा उशीर करत नाही."

विश्वंभररावांचं धाबं दणाणलं. हुकमाचा एक्का पोरट्याने दुरीने मारला! पण मास्तर माणूस, क्रियापद बदलायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी आवाज खाली आणला.

"येईल नाही रे. येऊन गेला. मंगळवारी. माइल्ड होता. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही."

हा माइल्ड अटॅक मोठा गुणी आजार. पुरळ दिसत नाही, ताप चढत नाही, आणि गावात वजन वाढतं ते वेगळंच. अजेयचा चेहरा पांढराफटक पडला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "राहू दे, बाबा. कॉटेज नको नि काही नको. वाडी आहे तशीच राहील."

जिंकले! वाडी वाचली! श्यामलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

आता माणसाने इथे थांबावं की नाही? पण जिंकलेला माणूस गप्प बसला तर तो श्रीवर्धनचा कसला! दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वंभरराव कट्ट्यावर गेले आणि बातमी सोडली. कट्ट्याचे अध्यक्ष बाबाजी. दोन स्टेंटचे धनी असल्यामुळे हृदय या विषयात त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

"डाव्या हाताला कळ आली?" बाबाजींनी उलटतपासणी सुरू केली.

"आली की!"

"जबड्यात?"

"जबड्यातही थोडी."

"घाम?"

"बनियन पिळून काढलं!"

"अरे, मग हा माइल्ड कसला?" बाबाजी उभेच राहिले. "मला यातलं निम्मं झालं नव्हतं, तरी दोन पडले! तुला तीन स्टेंटना मरण नाही!" आणि त्यांनी तिथूनच अजेयला फोन लावला.

विश्वंभरराव घरी पोचेपर्यंत अंगणात शहाळ्यांचा ढीग पडला होता. कुणी मीठ बंद करायला सांगत होतं, कुणी जिना. गाडी सुरू होती, पिशवी भरलेली होती. "अरे, मी चालत आलोय!" म्हणून ते ओरडले, तर चौघांनी धरून त्यांना गाडीत आडवं केलं.

माणगावला डॉक्टर मृणाल यांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. दोन्ही स्वच्छ!

"माइल्ड होता ना, म्हणून दिसत नसेल," विश्वंभरराव घाईघाईने म्हणाले.

"काका, माइल्ड म्हणजे सोडून द्यायचा असं काही नसतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो, रक्त पोचत नाही आणि तेवढा स्नायू मरायला लागतो. त्याला अटॅक म्हणतात, छोटा असो की मोठा. तुम्ही सांगताय ती लक्षणं बघता अँजिओग्राफी करून घेऊ. मनगटातून बारीक नळी घालायची, ती थेट हृदयापर्यंत न्यायची."

"भूल देऊन ना?"

"हातापुरती. तुम्ही जागेच असता. पडद्यावर सगळं बघता येतं!"

एका बाजूला वाडी, दुसऱ्या बाजूला नळी. विश्वंभररावांनी डोळे मिटून पोफळी आठवल्या. मग स्वतःचं मनगट पाहिलं.

"नाही आला हो! माइल्ड नाही, मोठा नाही, कसलाच नाही!"

"घाबरून असंच म्हणतात पेशंट," डॉक्टर म्हणाल्या.

"खरं बोलतायत ते," कोपऱ्यातून श्यामलाबाई म्हणाल्या. "मंगळवारी दोन ताटल्या खिचडी खाऊन घोरत पडले होते."

"मग कालच का नाही बोललीस?" विश्वंभरराव कडाडले.

"म्हटलं, बघू तरी कुठवर जातंय."

डॉक्टर हसल्या नाहीत. "काका, हा शब्द जपून वापरा. उद्या खरंच छातीत दुखलं तर घरातलं कुणी जागचं उठायचं नाही."

अजेय भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "काल रात्री डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या, बाबा," एवढंच तो म्हणाला. विश्वंभररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगा एवढा हादरेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडी घाट उतरली. शेवटी मागच्या सीटवरून विश्वंभररावच पडेल आवाजात म्हणाले, "बांध बाबा तुझी दोन कॉटेज. फक्त विहिरीपासून लांब बांध."

"चार बांधतोय."

"चार? काल दोन म्हणालास!"

"आज तुमचं हृदय ठणठणीत निघालं ना, बाबा. चारही सोसतील."

विश्वंभररावांचा हात छातीकडे गेला. तोंड उघडलं. "मला..."

श्यामलाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "अजेय, गाडी वळव रे. डॉक्टर अजून असतील."

"मला... मला जरा वारा हवाय," विश्वंभरराव म्हणाले, आणि त्यांनी मुकाट्याने काच खाली केली.