तीन कानांचा नळ

आमचे शेजारी बापूराव रोज सकाळी स्वतःच्या बाथरूमच्या बंद दाराला कान लावून बसतात. आत काकू आंघोळ करत असतात. सभ्य माणसाने अशा गोष्टी लिहू नयेत हे मला कळतं. पण बापूरावांनी ही गोष्ट कधी लपवली नाही आणि आमच्या कॉलनीत ती दूधवाल्यालाही ठाऊक आहे. पहिल्यांदा मी त्यांना तसं पाहिलं तेव्हा आल्या पावली परत फिरत होतो. त्यांनी स्टुलावरूनच ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं. आतून आधी 'कुईं' असा आवाज आला, मग 'खर्र', मग 'टक', आणि वरून शॉवरचं पाणी पडायला लागलं. बापूरावांनी कान काढला आणि समाधानाने म्हणाले, "छाती साफ हाय."

छाती नळाची.

बापूराव जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होते. देगलूर, बिलोली, इस्लापूर अशा गावांतून त्यांनी हयातभर बैलांच्या जिभा ओढून पाहिल्या, म्हशींच्या पोटांवर थापा मारल्या आणि निवृत्त होऊन लातूरला घर बांधलं. कॉलनीत बैल नाहीत. एक कुत्रं होतं, ते बापूरावांना बघून गच्चीवर पळायचं. रोगी संपले पण डॉक्टरकी शिल्लक राहिली, ती सगळी नळावर उतरली. नळ गळायला लागला की त्याला लाळ सुटली. पाण्याआधी हवा फुसफुसली की पोट फुगलं. वॉशर बदलणं म्हणजे खूर साफ करणं. ऐकणाऱ्याला वाटावं, आत गोठा आहे.

नळही साधा नाही. भिंतीवर बसवलेला जुना पितळी, वजनाला भक्कम, तीन मुठींचा. डावीकडची गरम पाण्याची, उजवीकडची थंड पाण्याची आणि मधली फिरवली की बादलीत पडणारं पाणी वर शॉवरला जातं. मुठींना बापूराव कान म्हणतात. पॉलिश केव्हाच उडालंय, एका कानाची कड झिजलीय. कुठल्याही शहाण्या माणसाने तो भंगारवाल्याला देऊन बदल्यात लसूण घेतला असता.

मुळात लातूरच्या माणसाने शॉवर बसवावा, हाच एक विनोद. आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा पाळतात. त्या दिवशी पाहुण्याने येऊ नये आणि आलाच तर बादली घेऊन यावं. पण बापूरावांच्या शॉवरमागे इतिहास आहे. इस्लापूरला असताना ते नव्या नवरीला सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला घेऊन गेले होते. काकू तुषारांत भिजल्या आणि म्हणाल्या, आपलं घर होईल तेव्हा असं डोक्यावर पडणारं पाणी पाहिजे. नवऱ्यांनी असल्या गोष्टी ऐकून सोडून द्यायच्या असतात. बापूरावांनी लक्षात ठेवली, आणि घर कुठे बांधलं, तर लातूरला. आता ते स्वतः दोन तांब्यांत आंघोळ उरकतात आणि टाकीतलं पाणी शॉवरसाठी राखतात.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावाकडे बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं बैलाच्या कानात सांगतात. बापूराव हे नळाला करतात. वाटीत तूप-हळद कालवून तिन्ही कानांच्या मुळाशी बोट फिरवतात, आवतण देतात आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडाशी धरतात. घास शेवटी माझ्या वाट्याला येतो, म्हणून मी या प्रथेविरुद्ध फार बोलत नाही. एकदा एवढंच सुचवलं, की तूप बाहेरून चोळण्यापेक्षा आत दोन थेंब तेल सोडलं तर ती कुईं आणि खर्र तरी थांबेल. बापूराव एकदम गंभीर झाले.

"तेल न्हाई घालायचं. जनावर मुकं झालं तर दुखणं कळायचं कसं?"

बाकी सगळं दुरुस्त करणारा हा माणूस आवाज तेवढा दुरुस्त करत नव्हता. बाथरूमच्या दाराची आतली कडीही त्यांनी काढून टाकली होती. रोग्याला डॉक्टर कधी लागेल सांगता येत नाही, म्हणे. आम्ही हसायचो. काकूही हसायच्या. काकू तशा मितभाषी, आणि गेल्या वर्षापासून तर त्यांच्या वाटचंही बापूरावच बोलत. मी चहाला गेलो की काकू विचारायच्या, साखर किती? आणि त्यांचं विचारून संपायच्या आत हे म्हणायचे, "अगं, एक चमचा, ठाऊक न्हाई का तुला." मला वाटायचं, माणूस बायकोला बोलू देत नाही.

मी माझ्या बाथरूमात नव्या पद्धतीचा नळ बसवला तेव्हा मोठ्या हौसेने बापूरावांना बघायला बोलावलं. एकच दांडी. वर उचलली की पाणी, डावीकडे वळवली की गरम, उजवीकडे थंड. नेमकी किती वळवायची हे मला अजून उमगलेलं नाही; रोज आधी भाजतो, मग गारठतो. बापूरावांनी दांडी वरखाली करून पाहिली. "ह्याला कान न्हाई, आवाज न्हाई. दिसायला देखणं हाय," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

त्यांचा मुलगा संजय पुण्यात असतो. चांगला मुलगा आहे. तो दर सुट्टीत वडिलांना नळ बदलायला सांगे आणि वडील दर वेळी एकच वाक्य ऐकवत, "जित्या जनावराला कसाई दावू नये." मग संजय मला फोन करून म्हणे, काका, तुम्ही तरी समजवा. मी समजवायला जायचो आणि पुरणपोळी खाऊन परत यायचो.

यंदा पोळा झाला आणि नळाचा मधला कान गेला. आतल्या दांड्याचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. मूठ नुसती गरगर फिरायची, पाणी वर चढेना. आवतणाचं जेवण जड गेलं असेल, असं मी म्हणालो. एरवी बापूरावांनी यावर मला म्हशीच्या अपचनाच्या चार गोष्टी सांगितल्या असत्या. या वेळी हसले नाहीत. लातुरातली हार्डवेअरची दुकानं त्यांनी पालथी घातली. त्यांना लांबून बघून एक दुकानदार मालाच्या मागे जाऊन बसला. शेवटी कुणीतरी सांगितलं, असला दांडा मिळाला तर नांदेडला, जुन्या मालाच्या दुकानात.

मला नांदेडला ऑफिसचं काम होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो. निघताना त्यांनी माझ्या बायकोला विनवलं, की आम्ही परत येईपर्यंत काकूंजवळ बसा. नळ बिघडला म्हणून काकूंना सोबत कशाला, हे मला कळेना. एसटीत बापूराव खिडकीबाहेर न बघता फोनकडे बघत होते. अहमदपूर यायच्या आत त्यांनी घरी कितीदा फोन लावला ते मी मोजायचं सोडून दिलं. काकू जेवल्या का, काकू कुठे बसल्यात, बाहेर तर गेल्या नाहीत. या वयात एवढं प्रेम बघून मला थोडी लाजच वाटली.

नांदेडचा दुकानदार म्हातारा होता आणि खुशमिजाज. पाडलेल्या एका लॉजचे नळ त्याच्याकडे ढिगाने पडले होते. त्याने पुसून एक अख्खा नळ काढला. तसाच पितळी, तीन मुठींचा, आणि आमच्या रोग्यापेक्षा कितीतरी तरुण. "पूरा सेट लेके जाव बापूसाब. ऐसा पीतल अब नै मिलता." मी म्हटलं, सुटलो. बापूरावांनी नळ हातात घेतला, डोळे मिटले, मुठींवरून बोटं फिरवली आणि परत ठेवला.

"ह्याचे कान गोल हायेत. आपल्याला पाकळ्यांचे पायजे. ह्यातला दांडा तेवढा काढून द्या."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. धडधाकट नळाचं पोट फाडून त्यातला एक अवयव काढण्यात तास गेला आणि दांडा कागदात गुंडाळून, वरच्या खिशात ठेवून, आम्ही परतीची एसटी धरली. हट्टीपणाला काही सीमा असते अशी माझी तोवर समजूत होती.

घरी पोचलो तर माझी बायको फाटकात उभी. तिचा चेहरा उतरलेला होता. दुपारी संजयने पुण्याहून फोन करून इथल्याच एका प्लंबरला पाठवलं होतं. बाबा नांदेडला गेल्याचं कळलं तशी त्याने संधी साधली; आल्यावर नवा नळ बघून गप्प बसतील, असा त्याचा हिशेब. बायकोलाही वाटलं, म्हाताऱ्याची वणवण वाचेल. प्लंबर जुना नळ उतरवून, एका दांडीचा चकचकीत नळ बसवून निघूनही गेला होता. जुना अंगणात बादलीत पालथा पडला होता.

मला वाटलं, आता आकांत होणार. बापूरावांनी बादलीकडे नुसतं पाहिलं. "ती कुठंय?" एवढंच विचारलं. बायको हळूच म्हणाली, "मघापासून बाथरूममध्ये उभ्या आहेत. हाक मारली तर ओ देत नाहीत."

दार उघडंच होतं. काकू खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीसमोर उभ्या होत्या, अंगावर साडी तशीच. नवी दांडी डोळ्यांसमोर होती, पण तिला त्या हात लावत नव्हत्या. डावा हात भिंतीजवळ, जिथे जुना कान असायचा तिथे धरून, त्या हवेतच काहीतरी फिरवत होत्या. फिरवायच्या, थांबायच्या, वर बघायच्या, पुन्हा फिरवायच्या. बापूरावांची चाहूल लागली तशा वळल्या. डोळे भरले होते.

"अवं, आपुन कुणाच्या घरी आलाव? आपल्या घरी कवा जायाचं?"

बापूराव आत गेले. काकूंचा तो हवेतला हात त्यांनी हळूच खाली घेतला आणि धरून ठेवला.

"आपलंच घर हाय. नळ तेवढा गावाला गेलता. म्या आणलाय त्याला."

मग ते कामाला लागले. मी बॅटरी धरून उभा राहिलो. त्यांनी नवा नळ उतरवला, जुन्याच्या पोटात नांदेडचा दांडा बसवला, पाणी गळू नये म्हणून आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा लावला आणि नळ भिंतीवर चढवून पाना आवळला. पाकळ्यांच्या तिन्ही मुठी जिथल्या तिथे. हात चालू ठेवून, माझ्याकडे न बघता, ते एकेक सांगत होते. वर्षापूर्वी काकू पहिल्यांदा गल्ली चुकल्या. मग माणसांची नावं गेली, मग चहातली साखर. नवीन काही हाताला शिकवता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. संजयला अजून बोललो नाही. तो ऐकेल आणि उद्याच तिला पुण्याच्या फ्लॅटवर नेईल, आणि तिथे तर सगळंच नवं. इथे ती अजून स्वतःच्या हाताने आंघोळ करते. डोकं विसरलंय पण बोटं विसरली नाहीत. डावा कान, मग उजवा, मग मधला. बाहेर बसून तिन्ही आवाज ऐकले की कळतं, आत ठीक चाललंय. एखादा आवाज चुकला तर दार ढकलता येतं.

  वर्षभर मी ज्याला या माणसाचा चक्रमपणा म्हणून चारचौघांत रंगवून सांगत होतो, तो त्यांचा पहारा होता. मी म्हटलं, बापूराव, निदान आम्हाला तरी सांगायचं. लोक तुम्हाला वेडा म्हणतात.

"म्हणत्यात तर म्हणू द्या," ते पाना पुसत म्हणाले. "माझ्याकडं बघून हसत्यात तवर तिच्याकडं कुणी बघत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. बापूराव स्टुलावर, कान दाराला. मी शेजारी उभा राहिलो. आत कुईं झालं. जरा वेळाने खर्र झालं. मग बादलीत पडणाऱ्या पाण्याशिवाय काहीच नाही. बापूरावांचा हात दाराकडे गेला आणि तिथेच थांबला.  नव्या दांड्याचा आवाज जुन्यापेक्षा थोडा जाड होता, पण आला. टक. आणि वरून पाणी पडायला लागलं.

बापूराव भिंतीला टेकून बसले. पाणी बंद होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

थोड्या वेळाने काकू ओले केस पुसत बाहेर आल्या. मला पाहून, बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखं हसल्या आणि म्हणाल्या, "कवा आलाव? बगा की, सकाळच्या पारी दाराशी बसत्यात. यांना नळाचं लई येड लागलंय. तुमी तरी सांगा यांना."

बापूराव खाली मान घालून ऐकत होते.

"सांगून पाहिलं काकू," मी म्हणालो. "ऐकत नाहीत."