शून्य आवाजाची गल्ली

माणूस पारखण्यात मी एखादे वेळी चुकेन, पण जागा पारखण्यात? नाव नको! तीस वर्षं गोदामांतला माल तपासलाय मी. पोत्यावर नुसता हात ठेवला की आत उंदीर किती ते सांगतो!

म्हणूनच पुतणीनं वसतिगृह सोडून बाहेर खोली घ्यायचं ठरवलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वस्ती तुम्हीच निवडा. एकाच विषयात दोनदा नापास झालीय. आता पुन्हा नापास झाली तर कॉलेज नाव कमी करणार. तिला फक्त शांतता हवी."

"शांततेचं माझ्याकडे लागलं!"

जाड रजिस्टर घेतलं, रकाने पाडले : आवाज, उजेड, पाणी, कुत्री, शेजारी. अंगात राखाडी कोट, कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी. सामानाचा टेम्पो वळायला नको? तीन वस्त्या आवाजाच्या रकान्यातच आडव्या झाल्या. चौथीत एका दुपारी मी कोपऱ्यावरून वळलो आणि...

सगळं थांबलं. कुणीतरी रेडिओचा कान पिळावा तसं!

शिंप्याच्या मशिनचं चाक फिरत होतं, पायडलवर पाय नव्हता. इस्त्रीवाल्याच्या टेबलावर शर्टाची एक बाही कडक, दुसरी चुरगळलेली, इस्त्री गरम आणि इस्त्रीवाला गायब! न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला साबण फासलेलं गिऱ्हाईक तेवढं आरशातून माझ्याकडे बघत होतं. मी हसलो. त्यानं डोळे मिटले!

मी रस्ता मोजला आणि लिहिलं : आवाज, शून्य. शून्य दोनदा गिरवलं.

शेवटच्या घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. बाहेरून लोखंडी जिना, वर खोली, खिडकीला निळा पडदा. दार वाजवलं. फटीतून घरमालकीण आजींचा एक डोळा दिसला.

"वरची खोली बघायची होती."

"कुठली खोली?"

"ही काय, वर!"

आजींनी वर पाहिलंच नाही. "वर काही नाही," त्या कुजबुजल्या. "कधीच नव्हतं."

दार मिटलं. आतून एक कडी लागली. मग दुसरी. मग तिसरी!

दुसऱ्या दिवशी खात्री करायला गेलो. तीच शांतता. पाटी नव्हती. जिनाही नव्हता! त्या जागी वाळत घातलेल्या चादरींची भिंत, आणि चादरींखाली दोन पावलं. मी डावीकडे सरकलो, तीही सरकली!

अंगावर सरसरून काटा आला. पण रकाना म्हणजे रकाना! पुतणीला कळवलं, "गल्ली मिळाली. शेवटच्या घरी वरची खोली विचार. तू एकटीच जा, मालकीणबाई जरा विचित्र आहेत."

दहा मिनिटांत तिला खोली मिळाली! "काका, किती गोड आजी आहेत!"

चौथ्या दिवशी तिचा फोन. मागे ठोकाठोक, भांडण आणि तीन रेडिओ.

"काका, कुठे आणून टाकलंस मला? खाली पत्रा ठोकतात, शेजारी गाण्याचा क्लास, शिंप्याकडे सहा मशिनं! परीक्षा बारा दिवसांवर आलीय!"

"अशक्य! रजिस्टरात शून्य आहे!"

"मग रजिस्टरातच राहायला जाते!"

तिच्या आवाजात रडू होतं. तसाच कोट चढवून निघालो. कोपऱ्यापर्यंत गोंगाट मलाही ऐकू आला. वळलो. चिडीचूप! मागे फिरलो. धडाडधूम! पुन्हा वळलो. चूप! मला घाम फुटला. ही गल्ली मला ओळखत होती!

"साहेब..." शिंप्याच्या टेबलाखालून आवाज आला. "किती फूट पाडणार?"

"काय पाडणार?"

"दुकान. पुढचे चार फूट रस्त्यावर आलेत, कबूल! इस्त्रीवाल्याचा ओटा, न्हाव्याची पायरी, आजींची वरची खोली, सगळंच बिनपरवान्याचं. पहिल्या दिवशी तुमचा कोट, रजिस्टर दिसलं, वर तुम्ही मोजूनही गेलात, तेव्हापासून तुम्ही वळलात की आम्ही सगळे दडतो हो!"

"अहो, मी पालिकेचा नाही! वरच्या मुलीचा काका आहे मी!"

"हो, हो. मागचे साहेबसुद्धा आधी कुणाचे तरी काकाच होते."

इतक्यात निळा पडदा सरकला. पुतणी पुस्तक छातीशी धरून उभी. "काका, हलू नकोस! आज पहिल्यांदा अख्खं पान डोक्यात शिरलं!"

बारा दिवस. रोज दुपारभर मी गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर बसलो, कोट घालून, रजिस्टर उघडून. कुणी बोललं नाही. कुणी शिंकलंसुद्धा नाही. समोरच्या फटींतून डोळे तेवढे लुकलुकत. कधीकधी मलाच माझी भीती वाटे.

पुतणी पास झाली! त्या संध्याकाळी गल्लीनं तिला मेजवानी दिली. गाणी, टाळ्या, धिंगाणा!

"मी किती वाजता येऊ?" मी फोनवर विचारलं.

"काका, तू... फोनवरच ऐक ना."

तरी गेलो. कोट घरी ठेवला, रजिस्टर घरी ठेवलं, फुलाफुलांचा शर्ट घातला. कोपऱ्याअलीकडे उभं राहून बराच वेळ गाणं ऐकलं. फार छान गात होते हो सगळे! राहवलं नाही. एकच पाऊल पुढे टाकलं.

गाणं थांबलं.