आमच्या कॉम्प्युटरचं घर बदललं

कॉम्प्युटरला नवीन डिस्क बसवायची, हे मी ठरवलं ते वरण उतू गेलं म्हणून.

मी जळगावात घरबसल्या लग्नपत्रिका तयार करून देते. कॉम्प्युटर जुना. सकाळी बटण दाबायचं, कुकर लावायचा, कणीक मळायची, अंगणात सडा टाकायचा आणि येऊन बघावं तर पडद्यावरचं ते गोल अजून फिरतच असायचं. त्या दिवशी मी त्या गोलाकडे बघत उभी राहिले आणि तिकडे वरण ओट्यावरून खाली उतरलं.

नणंदेची मुलगी मोनाली धुळ्याला एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते. तिला फोन केला.

"मामी, कॉम्प्युटर बदलू नका. आतली डिस्क बदला. एसएसडी घ्या, पळायला लागेल."

"आणि माझा पत्रिकेचा प्रोग्राम?"

"तो सीडीवरून परत टाकायचा."

तो प्रोग्राम टाकून देणाऱ्या झुलालभाऊंनी दुकान बंद करून केव्हाच शेती धरली होती. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "अक्का, ती सीडी ते ज्वारीना वावरमा टांगेल शे. पाखरं येतस ना!"

(माझा धंदा वावरात लटकून पाखरं हाकत होता.)

"मग क्लोन करू," मोनाली म्हणाली. "विंडोज, प्रोग्राम, पत्रिका, सगळं जसंच्या तसं उचलून न्यायचं. परत काहीच टाकावं लागत नाही. डिस्क आली की फोन करा."

जीव अडकला होता तो धरणगावच्या रुपचंद आबांच्या पत्रिकेत. त्यांच्या मुलीचं लग्न. आमच्याकडे पत्रिकेत नवरा-नवरीची नावं दोन ओळीत आटोपतात. बाकी सगळी जागा भाऊबंदांची. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून लग्नाआधीच अर्धी वऱ्हाडी मंडळी रुसतात. आबांच्या तिन्ही भावांचा रुसवा काढता काढता मी ती पत्रिका इतक्या वेळा बदलली होती, की त्यांच्या चुलत भावाच्या जावयाचं नावही मला पाठ झालं होतं. शेवटी सगळ्यांनी होकार दिला आणि ती छापायला जायची राहिली. ती फक्त कॉम्प्युटरमध्ये होती. ती गेली असती, तर तिन्ही भाऊ पुन्हा नव्याने रुसले असते आणि धरणगावातून मला परत एकही काम आलं नसतं.

डिस्क आली. पत्त्यांच्या कॅटाएवढी. आमच्या ह्यांनी कॅबिनेट उघडलं. (हे म्हणजे प्रेमराज. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की स्वतःला इंजिनिअर समजतात.) जुन्या डिस्कला लाल वायर जोडली, नवीला काळी.

"लाल वायर एक नंबरच्या जागेवर आहे. थोरल्याचा मान," असं म्हणून हे चहा प्यायला गेले.

मी आत डोकावले. काय ती धूळ! एवढ्या धुळीत नवीन वस्तू ठेवायला मन होईना. वायरी काढल्या, फडक्याने आतून छान पुसून घेतलं आणि सगळं जिथल्या तिथे जोडून ठेवलं.

कॉम्प्युटर सुरू केला, मोनालीला फोन लावला. तिने सांगितलेला प्रोग्राम उघडला.

"आता कुठून कुठे न्यायचं ते विचारेल," ती म्हणाली. "सोपं आहे मामी. नवी डिस्क म्हणजे घरात आलेली नवी सून समजा. आता सामान..."

फोन कट. पुन्हा लावला तर बंद.

"सून म्हणाली ना?" ह्यांनी विचारलं. "सून आली की सामान कुठून येतं?"

"माहेरून. तिच्याबरोबर."

"म्हणजे नवीतलं जुनीत घ्यायचं."

"अहो, पण नवी तर रिकामी असेल!"

"कंपनी रिकामी वस्तू विकेल का? नव्या मोबाईलमध्ये सगळं भरलेलं असतं की नाही? तो पळायचा प्रोग्राम हिच्यातच असणार. तो जुनीत गेला की जुनी पळेल."

मला पटलं. (मी एरंडोलहून आले तेव्हा माझ्याबरोबर कपाट आलं होतं. ते सासूबाईंच्या खोलीत गेलं आणि आजतागायत त्यांच्या साड्या सांभाळतंय. म्हणजे रीत हीच.)

पडद्यावर दोनच नावं होती. डिस्क एक आणि डिस्क दोन. जुनी एक नंबरवर, म्हणून ह्यांनी दोनमधून घेऊन एकवर टाकायला सांगितलं. लगेच लाल अक्षरं आली. इंग्रजीशी माझी ओळख दहावीपुरतीच, पण तेवढं लागलं.

"अहो, एक नंबरवरचं सगळं पुसलं जाईल म्हणतंय!"

"पुसणारच. पाट पुसल्याशिवाय कोणी पान मांडतं का?"

आणि ह्यांनी बटण दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. मी समाधानाने शेंगा सोलायला बसले.

तेवढ्यात मोनालीचा फोन आला. "बॅटरी संपली होती मामी. तर काय सांगत होते, सून घरात आली की सासू आपलं सगळं तिच्या हाती सोपवते ना? तसं जुनीतलं नवीत घ्यायचं. बरोबर करताय ना?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"मोना, आम्ही नवीतलं जुनीत घेतोय."



"मामी... रिकामी डिस्क भरलेलीवर उतरवली?"

"आपल्यात सासू कुठे काही सोपवते गं!" मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"आता मध्ये थांबवून उपयोग नाही. जे पुसलं ते पुसलं," ती हळूच म्हणाली. "काम संपू द्या. मग जुनी काढून माझ्यासाठी जपून ठेवा आणि नवी एकटी सुरू होते का, तेवढं बघा. पण आशा धरू नका."

हे भिंतीकडे तोंड करून बसले. आणि नेमका रुपचंद आबांचा फोन.

"ताई, मना तिन्ही भाऊस्ना नावं एकच ओळमा शेतस ना?"

"आहेत आबा."

"मंग जरा वाची दाखाडा. धाकला भाऊ आठेच बशेल शे."

धाकटा तिथेच बसून ऐकत होता. मी डोळे मिटून पाठ असलेली नावं वाचल्यासारखी म्हणू लागले. जावयापर्यंत पोचले आणि पुढे म्हणवेना. "आबा, कुकर झालाय," म्हणून फोन ठेवला. (कुकर धुऊन पालथा घातलेला होता.)

पट्टी संपली. ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला, जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली. मी देवाला हात जोडले आणि बटण दाबलं. देवाचं नाव पूर्ण व्हायच्या आत कॉम्प्युटर उघडलासुद्धा! माझाच गणपतीचा फोटो. माझाच पत्रिकेचा प्रोग्राम. आणि रुपचंद आबांची पत्रिका, तिन्ही भाऊ एका ओळीत, जावई आपल्या जागेवर.

मला रडू येत होतं की हसू, कळेना.

"पण हे झालं कसं?" म्हणत ह्यांनी आत वाकून बघितलं. "लाल वायर नवीला कशी? मी तर जुनीला जोडली होती!"

"मी फक्त धूळ पुसली," मी म्हणाले.

मोनालीला सगळं सांगितलं. ती खूप वेळ नुसती हसत राहिली.

"म्हणजे मामांनी उलटं सांगितलं आणि तुम्ही वायरी उलट्या जोडल्या, म्हणून सुलटं झालं. मामी, तुमच्या दोघांपैकी एकानेही काम नीट केलं असतं ना, तर पत्रिका गेली होती."

पत्रिका छापून धरणगावला गेली. तिन्ही भाऊ जेवायला एका पंगतीत बसले म्हणे. मला वाटलं होतं, घरात आता माझ्या हाताला जरा मान मिळेल. तो मिळाला. परवा ह्यांनी मिक्सर दुरुस्तीला घेतला. सगळे स्क्रू काढून झाल्यावर स्वयंपाकघरात हाक आली,

"अगं, जरा ये बरं इकडे. तू तुझी चूक करून जा, म्हणजे मी माझी करायला मोकळा."