वेगवाले साहेब आणि कोंडलेला चोर

"आज बघच तू! पोलिसांना चोर आयता ताटात वाढून देतो!" लाँड्रीवाले काका छाती फुगवून काकूंना म्हणाले.

छाती फुगवायला कारणही तसंच होतं. महिनाभरात दुकानातून दोनदा कपडे चोरीला गेले होते आणि गिऱ्हाइकं पलीकडच्या लाँड्रीकडे वळू लागली होती. आणखी एक चोरी झाली की दुकान कायमचं बंद! पण आज दुपारी शटरला कुलूप असताना चोर मागच्या खिडकीतून आत शिरला आणि काकूंनी बाहेरून खिडकीला कडी घातली. चोर पुरता कोंडला गेला!

काकांनी चौकीत फोन लावला.

"चोर पकडलाय! लवकर या!"

"माणसं नाहीत. सगळी वेगाच्या मोहिमेवर आहेत."

"मग चोराला काय सांगू?"

"थांबायला सांगा. सोमवारी बघू."

चौकीचं हे असंच! आधीच्या चोऱ्यांच्या पंचनाम्याला कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. पण गल्लीच्या तोंडाशी, झाडामागे कॅमेरा लावून तीन धट्टेकट्टे पोलीस दिवसभर दबा धरून बसायचे. गाडीचा काटा चाळिसाच्या वर सरकला की घातलीच झडप! जगातले सगळे दरोडेखोर जणू एक्केचाळीसच्या वेगानेच पळतात!

काका धापा टाकत तिथं पोचले. हवालदार खुर्चीत रेलून कॅमेऱ्यात बघत होते.

"साहेब, इथं मागंच चोर कोंडलाय!"

"किती वेगात होता?"

"अहो, कोंडलाय! जागचा हलत नाहीये!"

"मग आमच्या काय कामाचा? आम्ही वेगवाले."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच आगीवर परतीच्या वाटेत एक कल्पना शिजली.

"यांना वेगात पळणारा हवाय ना? पळवतोच त्याला!"

दुकानासमोर मेहुण्याची नवीकोरी मोटरसायकल उभी होती, आरशाला हेल्मेट अडकवलेलं. मेहुणा वर, काकांच्या घरी, जेवून घोरत पडला होता. काकांनी हळूच त्याची किल्ली आणून गाडीला लावली.

"अहो, माझ्या भावाची गाडी आहे ती! जिवापाड जपतो तो तिला!"

"अगं, कोपऱ्यावरच धरतील त्याला. गल्लीतून बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे कुठं?"

काकांनी कुलूप काढून शटर वर ढकललं आणि दोघं जिन्याखाली दडून बसली. तिथून चोराचे फक्त बूट दिसले. बूट गाडीपाशी घुटमळले, मग किक बसली आणि गाडी सुसाट सुटली. लगेच कोपऱ्यावर शिट्टी वाजली!

"अडकला!" काकांनी टाळी वाजवली. दोघं धावत कोपऱ्यावर गेली. हवालदार पावतीपुस्तक खिशात कोंबत होते. चोर नव्हता. गाडीही नव्हती.

"कुठंय तो?"

"कोण, तो सत्तरवाला? धरला, दंड घेतला, पावती दिली, सोडला."

"सोडला? अहो, चोर होता तो!"

हवालदार खो खो हसले. "चोर कधी हेल्मेट घालतो का?"

"ते माझ्या भावाचं होतं!" काकू ओरडल्या. "लायसन्स तरी बघितलंत?"

"घरी राहिलं म्हणाला. सभ्य माणसं विसरतात हो. पण दंड कुरकुर न करता रोख भरला. सगळे सुट्टे!"

दुकानाच्या गल्ल्यात सगळे सुट्टेच होते. काकूंनी मागं वळून घराच्या खिडकीकडे बघितलं. "आता भाऊ उठला की त्याला काय सांगू मी?"

"आणि कपडे काय होते, काका!" हवालदारांचं कौतुक थांबेना. "पांढराशुभ्र शर्ट, पँटची घडी तर अशी की हात लावला तर कापेल. इतक्या कडक इस्त्रीतला माणूस चोर असतो होय?"

गल्ला गेला, गिऱ्हाइकाचे कपडे गेले, मेहुण्याची गाडी गेली, दुकानही आता गेल्यातच जमा होतं. काकांना अक्षरशः रडू फुटायच्या बेतात होतं. तरीही तोंडातून निघून गेलंच, "कॉलर नीट बसली होती का हो?"